फरशी होऊ दे, मग येते

अक्का,

तुझ्या मागच्या दाराची खालची बिजागरी आज मी काढली. चार स्क्रूंपैकी दोन निघाले, एकाचं डोकं तुटलं आणि चौथा स्क्रूड्रायव्हर लागताच भुगा होऊन हातात आला. दत्ता सुतार 'सकाळी येतो' म्हणाला होता, तो दुपारपर्यंत आला नाही. मग मीच दार उतरवलं, पडवीत आडवं टाकलं आणि खालच्या कडेला रंधा मारला. फुगलेलं लाकूड ओलसर निघतं, त्याचा भुसा होत नाही, चिकट पापुद्रे निघतात. हे मला तूच दाखवलं होतंस. दार आता लागतं. पूर्ण नाही, पण कडी बसते.

तू गेलीस त्याला आज चाळीस दिवस झाले. तेराव्यानंतर मी इथं परत आले, तेव्हापासून शेजारच्या शेवंतीकाकू रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांना वाटतं, ही बाई धाकटी बहीण असून रडत कशी नाही. मला अजून रडू आलेलं नाही. याचा मला अभिमान नाही, फारशी लाजही वाटत नाही. तुला दवाखान्यात खाटेभोवती मोठ्यानं रडणारे नातेवाईक चालायचे नाहीत. तू त्यांना हाताला धरून बाहेर काढायचीस आणि म्हणायचीस, "आधी पेशंटला पाणी पाजा, मग रडा." म्हणून मी आधी दार केलं.

आता बसून तुला एक गोष्ट सांगते. ती तुला माहीत होती, हे मला फार उशिरा कळलं. तरी सांगते, कारण माझ्या तोंडून तू ती ऐकलेली नाहीस.

आपण तिघं. भाऊ मोठा, तू मधली, मी शेंडेफळ. भाऊ चोपड्याला शेतीवर राहिला, मी मास्तरीण होऊन धुळ्यात संसाराला लागले आणि तू नर्स झालीस. तुझी बदली कोकणात, या गावच्या दवाखान्यात झाली तेव्हा घरात सगळे म्हणाले, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे, येईल परत. तू एकोणतीस वर्षं राहिलीस. निवृत्त झालीस तेव्हा भाऊनं मागची खोली चुना मारून तयार ठेवली होती. तू कळवलंस की समुद्रापासून दोनशे पावलांवर एक जुनं घर घेतलं आहे, दोन खोल्या आणि पडवी, भिंती जांभ्या दगडाच्या, वर कौलं. भाऊनं विचारलं, "तठे तुनं कोन शे?" तिथं तुझं कोण आहे? तू म्हणालीस, "आठे मनं घर शे." तो राग त्याच्या मनातून कधी गेला नाही. मला त्या वेळी त्यात काही वाटलं नव्हतं. मला वाटायला लागलं ते माय गेल्यावर.

माय भाऊकडेच होती. न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. जळगावला ऑपरेशन झालं. वहिनी शेतावर जाणार की मायला उठवणार-बसवणार, हा प्रश्न होता. माझी शाळा होती. तू आलीस, मायचा पाय तपासलास, तिचे कागद वाचलेस आणि म्हणालीस, "मी नेते. तीन महिन्यांत चालती करून आणते." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भाऊनंही टाकला. हे आता तो कबूल करणार नाही, पण मी तिथंच उभी होते.

तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. माय काठी धरून चालायला लागली, पण तिचं हृदय थकत चाललं होतं. तू फोनवर सांगायचीस की पायाला सूज आहे, गोळ्या वाढवल्या आहेत. मायही बोलायची. समुद्र पहिल्यांदा बघून ती म्हणाली होती, "इतलं पानी शे, पन पेवाले नही!" आणि मग हसत सुटली होती. उन्हाळ्यात तिनं तुझ्या अंगणात बिबड्यांचे पापड घालायचा घाट घातला. धुळ्याहून मी ज्वारीचं पीठ पाठवलं होतं. आपल्याकडे बिबड्या एका दिवसात कडकडीत वाळतात. इथं चार दिवस झाले तरी त्या कातड्यासारख्या लवचिकच. माय फोनवर म्हणाली, "आठलं ऊन बी ओलं शे व." तू त्या अर्ध्या ओल्या बिबड्या तव्यावर शेकून तिला खाऊ घातल्यास आणि मला सांगितलंस की बऱ्या लागतात. बऱ्या लागत असतील यावर माझा आजही विश्वास नाही.

मग एका हिवाळ्यात माय गेली. तुझा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. भाऊ, वहिनी, मी आणि माझे यजमान अशी आम्ही गाडी केली, पण वाटेत ती बंद पडली आणि आम्ही पोहोचलो तोवर सुरूच्या झाडांमागच्या स्मशानात सगळं आटोपलं होतं. तू थांबू शकली नव्हतीस. मायला बर्फात ठेवायची सोय तेव्हा या गावात नव्हती. भाऊ राखेजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "तापीकाठची बाई. खाऱ्या पाण्याकाठी जाळली."

असं म्हणून त्यानं तुझ्याकडे बघितलं.

घरी परत येताना गाडीत भाऊ सगळी वाट तेच बोलत होता. अक्कानं मायला अडकवून ठेवलं, घरी येऊ दिलं नाही, मायचा जीव चोपड्यात होता. वहिनी 'हो ना' म्हणत होती. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मध्येच एकदा मीही म्हटलं, "निदान विचारायचं तरी होतं तिनं." तो शब्द माझा. नंतर तोच शब्द सगळ्या भावकीत फिरला. आपलं बोलणं आधी कमी झालं, मग बंदच पडलं.

चार-पाच वर्षं अशी गेली. मग एका मे महिन्यात तुझा नंबर फोनवर दिसला. मी घेऊ की नको करत घेतला. तू 'कशी आहेस' वगैरे काही विचारलं नाहीस.

"सुमे, वादळ उनतं. बठ्ठं छप्पर उडी गयं. पाऊस यायच्या आत कौलं चढवायची आहेत आणि गावात प्रत्येकाचं घर उघडं पडलंय, हाताखाली माणूस मिळत नाही. एकलीघाई होत नही, मी एकटी पुरत नाही. तू ये."

मला शाळेला सुटी होती. मी यजमानांना सांगितलं, पिशवी भरली आणि निघाले. का निघाले हे मला नीट सांगता येत नाही. तू विनवलं असतंस तर बहुधा आले नसते. तू मजूर मागितल्यासारखी मला मागितलीस, ते सोपं वाटलं.

ते सोळा दिवस मला क्रमानं आठवतात. पहिल्या दिवशी आपण अंगणातली फुटकी कौलं वेगळी केली आणि चांगली वेगळी. दुसऱ्या दिवशी तू प्रत्येक चांगलं कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघायला शिकवलंस. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर टाकायचं. मी म्हटलं, आमच्या शाळेतल्या पोरांनाही असंच वाजवून बघता आलं असतं तर बरं झालं असतं. तू हसलीस. पाच वर्षांत मी तुला पहिल्यांदा हसताना बघत होते. दत्ता सुतार वरचे कुजलेले वासे बदलत होता, तू शिडीवर मध्ये उभी आणि मी खाली, अशी आपली साखळी. तुझं वय साठीच्या पुढचं. मी म्हणायची, "अक्का, मी चढते." तू म्हणायचीस, "तुला खालून बघायची सवय आहे, तू खालीच रहा." हा टोमणा होता की साधं बोलणं, हे मी कधी विचारलं नाही.

मला इथली हवा सोसत नव्हती. काड्यापेटी ओली, मिठाच्या बरणीत पाणी, धुतलेलं पातळ दोन दिवस दमट. मी कुरकुर करत होते. तुझ्या घरातली प्रत्येक लोखंडी गोष्ट तांबूस झाली होती. खिडकीचे गज, शिवणयंत्राचं चाक, फ्रिजच्या दाराची कड. तू दर रविवारी एका चिंधीला खोबरेल लावून सगळ्या कड्या-कुलपांवरून फिरवायचीस. तरी ते गंजायचंच. मी एकदा म्हटलं, "हे सगळं पुसत बसण्यापेक्षा चोपड्याला चल. तिकडे एक खिळा ठोकला की माणूस मरेपर्यंत जागचा हलत नाही." तू चिंधी घडी केलीस आणि म्हणालीस, "इकडे दर वर्षी दुरुस्ती काढावी लागते, म्हणून घराकडे लक्ष राहतं. भाऊच्या घरात न्हाणीची फरशी किती वर्षं घसरडी होती ग? सगळ्यांना माहीत होती." त्याच फरशीवर माय पडली होती.  हा वाद आपण पुढेही घातला, फोनवर, अनेकदा. तो मिटला नाही आणि मला अजूनही वाटतं की तू निम्मीच बरोबर होतीस. माणसाला घराकडे लक्ष देण्याखेरीज इतरही कामं असतात.

दहावा दिवस असेल. दत्ता जेवायला घरी गेला होता. आपण दोघीच होतो. तू शिडीवर, मी खालून कौल देत होते. खालची ओळ बसवून झाली होती. मी विचारलं. कसं सुचलं कोण जाणे.

"अक्का, मायनं घरी ने म्हटलं होतं का तुला?"

तू वळून बघितलं नाहीस. कौल जागेवर सरकवलंस.

"हो."

"कधी?"

"शेवटचे दोन महिने. रोज."

"मग?"

"तिला तेवढा प्रवास झेपला नसता. वाटेतच गेली असती. मी नर्स आहे, मला दिसत होतं." मग तू थांबलीस, शिडीची कड दोन्ही हातांनी धरलीस. "आणि दुसरं पण आहे. ती मला इथं हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या घरात होतं सुमे. सकाळी चहा विचारायला. मी तिला नेलं नाही, यात तेही होतं. किती होतं ते मला सांगता येत नाही."

मी खाली उभी. हातात कौल. तू विचारलंस, "तुला काही म्हणायचंय?"

मी म्हटलं, "नाही."

तू हात खाली केलास. मी कौल दिलं.

आता ऐक, मला त्या वेळी काय म्हणायचं होतं.

माय गेली त्याच्या महिनाभर आधी, एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला होता. तू बाजाराला गेली होतीस. पलीकडे माय होती. आवाज बारीक झाला होता. म्हणाली, "सुमे, माले ली जाय व. तुन्हा घर ली जाय, मंग भाऊ इसन माले चोपड्याले नेई." तुझ्या घरी तरी ने, पुढचं भाऊ बघेल, एवढंच तिचं मागणं होतं. धुळ्यापर्यंत आणलं की ती घराच्या जवळ आली असती.

त्या आठवड्यात आमच्या घरात फरशीचं काम निघालं होतं. जुनी शहाबादी काढून नवी टाइल बसवायची होती. पुढची खोली उखडलेली, स्वयंपाकघर अंगणात, सगळीकडे सिमेंटची धूळ. मिस्त्री एक दिवस यायचा, दोन दिवस यायचा नाही. मी मायला म्हटलं, "घरात पाय ठेवायला जागा नाही ग. फरशी होऊ दे, मग येते न्यायला."

माय म्हणाली, "किती दिन?"

मी म्हटलं, "होईल पंधरा दिवसांत."

ती म्हणाली, "बरं." आणि फोन कोणाच्या तरी हातात दिला.

फरशीला दीड महिना लागला. मी मिस्त्रीच्या मागे लागले, हे खरं आहे. पण पंधरा दिवसांनी काम झालं नाही तेव्हा मी मायला फोन करून तसं सांगितलं नाही, हेही खरं आहे. तुला फोन करायचे तेव्हा मायचा विषय मी लांबूनच काढायचे. आणि मग शाळेत तुझा फोन आला.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. यजमानांनाही नाही. भाऊ जेव्हा गाडीत म्हणत होता की अक्कानं मायला अडकवलं, तेव्हा मी त्याला माझा शब्द जोडून दिला. माझ्या घरातली ती फरशी छान झाली आहे. फिकट पिवळी, मधे बारीक नक्षी. नऊ वर्षं मी तिच्यावरून रोज चालते. ती बघून मला दर वेळी काही आठवतं असं नाही, हे जास्त वाईट आहे.

छप्पर पूर्ण झालं, मी परत गेले. त्यानंतर चार वर्षं दर रविवारी आपला फोन. तू तिकडची दुरुस्ती सांगायचीस, मी इकडची. तुझ्यामुळे मी गळक्या नळाचा वायसर बदलायला शिकले, भिंतीची भेग पुट्टी भरून बुजवायला शिकले. बिजागरी पितळी घ्यावी की स्टीलची यावर आपण एकदा पाऊण तास भांडलो. ती चार वर्षं चांगली गेली, अक्का. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे आणि हे मी तू असताना म्हणू शकले असते. दर रविवारी फोन ठेवताना मला वाटायचं, पुढच्या रविवारी सांगू.

तू गेलीस त्या सकाळी फोन शेवंतीकाकूंचा आला. तू पडवीतल्या खुर्चीत बसलेली त्यांना दिसलीस, चहाचा कप भरलेला. त्यांनी दोन हाका मारल्या. तुझ्या जुन्या दवाखान्यातल्या बायका आल्या, त्यांनी तुला आंघोळ घातली, आम्ही येईपर्यंत सांभाळलं. आता त्यांच्याकडे तशी सोय आहे.

भाऊचा फोन वाटेतच आला. "तिले चोपड्याले आना. मी ॲम्ब्युलन्स ठरावस."

मी म्हटलं, "भाऊ, ती तिथंच राहिली. तिथंच होऊ दे."

"मायबरोबर केलं तेच?"

मी म्हटलं, "हो. मायच्याच जागी."

तो म्हणाला, "मंग मी येत नही. तेरावं आठे करू." आणि फोन ठेवला.

अग्नी मी दिला. गावातले दोघं-तिघं कुजबुजले, दत्ता सुतारानं त्यांना गप्प केलं. सुरूच्या झाडांमधून वारा जोरात होता, धूर सगळा जमिनीकडे वळत होता. मी नीट उभी राहिले. मला आठवतं, माझं लक्ष स्मशानाच्या शेडच्या पत्र्याकडे होतं. तो कडेनं गंजानं पूर्ण खाल्लेला होता आणि मला वाटत होतं, हा या पावसाळ्यात टिकणार नाही, कोणाला तरी सांगायला हवं.

परत आल्यावर शेवंतीकाकूंनी चहा दिला. त्यांच्या पडवीत आम्ही दोघीच बसलो होतो. त्या तुझ्याबद्दल बोलत होत्या, मग मायबद्दल बोलायला लागल्या. सहज म्हणाल्या, "तुमच्या आईला काय फोन लावता यायचा नाय. एकदा माझ्याकडे आली काठी टेकीत, नंबरचा कागद घेऊन. म्हणाली, सुमनला लावून दे. मीच लावून दिला."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"काकू, हे अक्काला माहीत होतं?"

"मीच सांगितलं ना तिला, बाजारातून आली तेव्हा. आईला घेऊन जायला तुमची धाकटी येणार हाय, फरशीचं काम झालं की. ती म्हणाली, बरं होईल. मग तिनं आईची बॅग भरून ठेवली हुती गो. लुगडी, गोळ्या, सगळं. लय दिवस भरलेली होती."



म्हणजे मी म्हटलं होतं 'येते', आणि तू वाट पाहिलीस. प्रवास झेपणार नाही हे ठाऊक असूनही तू बॅग भरलीस, कारण मी येणार होते आणि मायला जायचं होतं. मी आले असते तर तू तिला जाऊ दिलं असतंस. आणि शिडीवरून तू मला विचारलंस, 'तुला काही म्हणायचंय?' तेव्हा तुला सगळं माहीत होतं. तू तुझा वाटा सांगितलास आणि माझ्या वाट्यासाठी जागा करून दिलीस. मी 'नाही' म्हटलं आणि तू पुढचं कौल मागितलंस.

याबद्दल मला तुझा रागही आला, हे लपवत नाही. चार वर्षं दर रविवारी तू बोलत होतीस. एकदा म्हणायचं होतंस, 'सुमे, मला माहीत आहे.' तुला मला वाचवायचं होतं की मी स्वतः बोलते का ते बघायचं होतं? दोन्ही तुझ्या स्वभावात बसतं. मी आता कोणाला विचारू?

तेराव्याला चोपड्याला भावकी जमली. पुढच्या खोलीत पुरुष, स्वयंपाकघराच्या दारात बायका. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. जेवणं होत आली आणि धाकट्या काकूंनी विषय काढला. मायचं नाव घेऊन म्हणाल्या, शांताबाईचं पण तसंच झालं, लेकीचंही तसंच झालं, दोघी परक्या मातीत गेल्या. भाऊ पानावर बसला होता. म्हणाला, "मायले तिनीच अडकाडी ठेवं. जीव चोपड्यात होता तिचा. अक्कानं येऊ दिलं नाही."

मी वाढत होते. भाजीचं भांडं खाली ठेवलं.

"भाऊ, मायनं मला फोन केला होता."

सगळ्यांना वाटलं मी अशीच काही आठवण सांगते आहे. काकू म्हणाल्या, "हो का?"

"न्यायला ये म्हणाली होती. धुळ्यापर्यंत तरी ने म्हणाली. माझ्या घरात फरशीचं काम चालू होतं. मी म्हटलं, झाल्यावर येते. मी गेले नाही. अक्कानं तिची बॅग भरून ठेवली होती."

 बाहेर कोणीतरी पत्रावळी गोळा करत होतं. भाऊनं माझ्याकडे बघितलं. त्याची नजर मला ओळखीची वाटली. त्या राखेजवळ त्यानं तुझ्याकडे असंच बघितलं होतं.

"इतला वरीस चूप कसाले बसनी व?"

मी खरं तेच सांगितलं. "तुम्ही सगळे अक्काला बोलत होतात, तोवर मला कोणी काही विचारत नव्हतं."

भाऊ पानावरून उठला. बट्टी अर्धी राहिली होती. तो मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. मी जायला निघेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. वहिनीनं पिशवीत केळी घातली आणि दारापर्यंत आली, माझ्या डोळ्यांकडे न बघता. आणखी काही होईल अशी माझी अपेक्षा नव्हती. मन हलकं होतं म्हणतात, माझं झालं नाही.

स्टँडपर्यंत मी चालत गेले. ऊन होतं, हातात पिशवी, वीस मिनिटांची वाट. कोणी सोडायला आलं नाही. अमळनेरमार्गे धुळ्याची गाडी लागली होती. खिडकीशी बसल्यावर मला मायचं वर्षश्राद्ध आठवलं.

मी आदल्या दिवसापासून भाऊकडे होते. सकाळी वहिनीच्या फोनवर तुझा निरोप आला की साडेअकराच्या गाडीनं येते, सोबत दोन जड पिशव्या आहेत, कोणाला तरी स्टँडवर पाठवा. वहिनीनं भाऊकडे बघितलं. भाऊनं वर्तमानपत्र उलटलं. यजमानांची मोटरसायकल दारात उभी होती, मला एक शब्द टाकायचा होता. मी पुऱ्या लाटत बसले.

तू बारा वाजता दारात आलीस. चेहरा लाल, पदर घामानं भिजलेला, दोन्ही हातांच्या बोटांवर पिशव्यांच्या पट्ट्यांचे वळ. पिशव्यांत नारळ होते, मायच्या नावानं वाटायला. कोणी 'ये' म्हटलं नाही. तू स्वतः माठातलं पाणी घेतलंस, पाय धुतलेस, आत आलीस आणि माझ्या शेजारी पाटावर बसलीस. म्हणालीस, "लाटणं दे. तू तळायला बस, तुला तळणं चांगलं जमतं."

आपण दोघींनी मिळून सगळ्या पंगतीच्या पुऱ्या केल्या. तू लाटून देत होतीस, मी कढईत सोडत होते. मी एकदाही तुझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. मला वाटत होतं, हिला काही माहीत नाही.